एकाच आईच्या हाडांचे तीन आकडे, त्यातला खरा कोणता?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्या आईचं वय ७१. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी माणसाच्या हाडांशी केलेली तुलना; जितका जास्त उणे तितकं हाड विरळ) उणे १.३ आला, मांडीच्या हाडाच्या मानेचा, म्हणजे खुब्याचा, उणे २.८ आणि डाव्या हाताचा उणे ३.१. एका डॉक्टरांनी मणका बघून 'वयाच्या मानाने छान आहे, कॅल्शियम घेत राहा' असं सांगितलं. दुसऱ्यांनी खुब्याचा आकडा बघून लगेच औषध सुरू करायला सांगितलं. शरीर एकच असताना हाडं तीन वयांची कशी, मशीन चुकलं की डॉक्टर, असं तुम्ही विचारताय. आणि शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की ४३ व्या वर्षी आईचं गर्भाशय काढलं होतं आणि ५८ व्या वर्षी अंगणात पाय घसरून उजवं मनगट मोडलं होतं.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, २७ वर्षं एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती मला त्या शेवटच्या ओळीत दिसते. तिच्याकडे मी परत येईन. आधी हे तीन आकडे वेगवेगळे का येतात ते समजून घेऊ, कारण ते कळलं की दोन डॉक्टरांपैकी कोणाचं ऐकायचं हे तुमचं तुम्हालाच उमगेल.

आपण 'हाड' म्हणतो तेव्हा एकसंध, दगडासारखी वस्तू डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात आपल्या सांगाड्यात दोन प्रकारचं हाड आहे. एक घट्ट हाड. हातापायांच्या लांब हाडांची जाड भिंत याची असते. दुसरं जाळीदार हाड, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, बारीक काड्या आणि पत्रे एकमेकांत गुंफलेलं. ते मणक्यांच्या पोटात, खुब्याच्या टोकाला, मनगटाच्या टोकाशी, टाचेत असतं. वजनाने पाहिलं तर सांगाड्याचा सुमारे ८० टक्के भाग घट्ट हाडाचा आणि जेमतेम २० टक्के जाळीचा. पण पृष्ठभाग मोजला तर जाळी फार पुढे जाते.

हा पृष्ठभागच सगळ्याचं मूळ आहे. हाड जन्मभर मोडत आणि भरत असतं. हाड खाणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत एक खड्डा खणतात, मग भरणाऱ्या पेशी येऊन तीन-चार महिने तो भरत बसतात. हे काम हाडाच्या पृष्ठभागावर चालतं. अर्धा किलो गुळाची ढेप पाण्यात टाका आणि शेजारच्या पातेल्यात तेवढाच चिरलेला गूळ टाका. गूळ तोच, पाणी तेच, पण चिरलेला आधी विरघळतो. जाळीदार हाड म्हणजे तो चिरलेला गूळ. वर्षाला त्यातलं साधारण पाव हाड नव्याने घडतं, तर घट्ट हाडातलं फार तर तीन-चार टक्के. म्हणून शरीरात काहीही बदललं, पाळी गेली, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, तर पहिला फटका जाळीला बसतो. ढेपेला वेळ लागतो. पण ढेपही विरघळतेच, आणि उतारवयात तिची पाळी येते.

आता तुमच्या आईचे तीन आकडे या नजरेने पाहा. कंबरेचा मणका बहुतांश जाळीचा. मांडीच्या हाडाची मान मिश्र, पण तिच्यात घट्ट हाडाचा वाटा जास्त, साधारण तीन चतुर्थांश. हातावर मनगटापासून एक तृतीयांश अंतरावर जे माप घेतात, तिथलं हाड जवळजवळ सगळं घट्ट, ९० टक्क्यांहून जास्त. म्हणजे मशीनने तीन ठिकाणी तीन वेगळ्या मिश्रणांची मापं घेतली. ती सारखी आली असती तर मला जास्त नवल वाटलं असतं.

पण मग तुम्ही लगेच विचाराल, जाळी आधी जाते तर मणक्याचा आकडा सगळ्यात वाईट यायला हवा होता. इथे तर तोच सगळ्यात चांगला आलाय. हा अगदी बरोबर प्रश्न आहे. याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल, एक वयाचं आणि एक मशीनचं.

आधी वयाचं. आपण समजतो की हाडांची गळती पाळी गेल्यावर सुरू होते. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर इथे मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी सीटी स्कॅनने वेगवेगळ्या जागांची हाडं मोजली. लॉरेन्स रिग्ज यांच्या गटाचं ते काम २००८ साली प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की बायकांच्या आयुष्यभरात जेवढी जाळी जाते, त्यातली ३७ टक्के पन्नाशीच्या आतच गेलेली असते, पुरुषांत ४२ टक्के. घट्ट हाडाचं मात्र पन्नाशीआधी बायकांत फक्त ६ टक्के आणि पुरुषांत १५ टक्के नुकसान झालेलं असतं. म्हणजे मणक्यातली जाळी तिशीपासूनच हळूहळू विरळ होत असते, पाळी चालू असताना, सगळं ठणठणीत असताना. मग पाळी थांबण्याच्या सुमारे एक वर्ष आधीपासून ते नंतरच्या दोन वर्षांपर्यंत ही गळती एकदम वेग घेते. अमेरिकेतल्याच एका मोठ्या पाहणीत शेकडो बायकांची वर्षानुवर्षं मापं घेतली गेली. त्या काळात मणक्यातून वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास आणि मांडीच्या हाडाच्या मानेतून पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घट दिसली. पाळी जाण्याच्या आसपासच्या दहा वर्षांत मणका साधारण साडेदहा टक्के आणि ती मान नऊ टक्के कमी झाली. त्यानंतर वेग मंदावतो, पण थांबत नाही.

जाळी जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे जरा सावकाश सांगतो, कारण इथेच बायका आणि पुरुष वेगळे होतात. बांधकामावरची परांची पाहिली असेल. उभे बांबू वजन पेलतात, पण त्यांना जागेवर धरून ठेवतात ते आडवे बांबू. मणक्याच्या आतही अशीच रचना असते. पाळी गेल्यानंतरच्या वेगवान गळतीत आडव्या काड्या आधी तुटतात. वजन तर उभ्यांवर आहे, मग बिघडलं कुठे, असं वाटेल. पण मधला एक आडवा बांबू निघाला की उभ्या बांबूची मोकळी लांबी दुप्पट होते, आणि लांबी दुप्पट झाली की वाकण्याआधी तो पेलू शकतो ते वजन चौथ्या हिश्श्यावर येतं. हे साधं बांधकामाचं गणित आहे, कोणताही इंजिनिअर सांगेल. म्हणून हाड दहाबारा टक्केच कमी झालेलं असतं, पण ताकद त्याच्या किती तरी पट घटलेली असते. पुरुषांत या काड्या बहुधा बारीक होतात, पण एकमेकांना जोडलेल्या राहतात. बारीक झालेली काडी औषधाने पुन्हा थोडी जाड करता येते. तुटून नाहीशी झालेली काडी परत जोडणं फार अवघड. बायकांच्या बाबतीत मी पन्नाशीतच इतका आग्रह धरतो तो यासाठी.

पासष्टीनंतर चित्र पालटतं. जाळी बरीचशी गेलेली असते, उरलेला पृष्ठभागही कमी झालेला असतो. आता गळती घट्ट हाडाकडे वळते. घट्ट हाड वरून गुळगुळीत दिसलं तरी आतून त्यात बारीक नळ्या असतात, रक्तवाहिन्या जायला. त्या नळ्यांच्या भिंती पोखरल्या जातात, छिद्रं मोठी होतात, एकमेकांत मिसळतात. भिंतीचा आतला थर हळूहळू जाळीसारखा होऊन जातो. बाहेरून भिंत तशीच, आतून वाळवी लागलेल्या चौकटीसारखी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०१० साली हे नीट मोजून दाखवलं: आयुष्याच्या उत्तरार्धात बायका जे हाड गमावतात, त्यातलं बहुतेक घट्ट हाडच असतं. सत्तरीत खुबा आणि हात मागे पडतात ते यामुळे. तुमच्या आईच्या रिपोर्टात हीच कहाणी आहे.

निसर्ग याला थोडं उत्तरही देतो. आतून भिंत खाल्ली जात असताना बाहेरून हाडावर पातळ थर चढत राहतो, त्यामुळे लांब हाडं वयाबरोबर किंचित रुंद होतात. रुंद नळी तितक्याच मालात जास्त वाक सहन करते. पुरुषांची हाडं मुळातच रुंद असतात, त्यांना हा फायदा मोठा मिळतो. मांडीच्या हाडाच्या मानेत मात्र ही सोय फार तोकडी पडते.

आता मशीनचा भाग. डेक्सा म्हणजे दोन वेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी काढलेला सपाट फोटो. त्या फोटोच्या वाटेत जेवढं कॅल्शियम येईल तेवढं सगळं ते मणक्याच्या नावावर जमा करतं. सत्तरीत मणक्याला काय काय झालेलं असतं? कडेला हाड वाढतं, ज्याला आपल्याकडे 'चोच आली' म्हणतात. मागचे छोटे सांधे झिजून जाड होतात. मणक्यासमोरून जाणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साठतं. हे सगळं मोजणीत धरलं जातं. त्याहून वाईट म्हणजे एखादा मणका दबून चपटा झाला असेल तर त्यातलं कॅल्शियम तेवढंच राहतं, पण क्षेत्र कमी होतं, म्हणून घनता वाढल्यासारखी दिसते. मोडलेला मणका रिपोर्टात धडधाकट ठरतो. 'मणक्यात झीज आहे' आणि 'हाडं ठिसूळ आहेत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एकच समजतात. इथे तर पहिली दुसरीला झाकून टाकते.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, वय ७३. मणक्याचा टी-स्कोअर उणे ०.९. मी त्यांना सांगितलं, हाडं उत्तम आहेत, चालत राहा. चौदा महिन्यांनी त्या स्ट्रेचरवरून आल्या, रात्री मोरीकडे जाताना पडून खुबा मोडला होता. ऑपरेशननंतर मी त्यांच्या कंबरेचा बाजूने एक्स-रे काढला. दोन मणके दबलेले होते आणि बाकीच्यांना दोन्ही बाजूंनी चोची. तो उणे ०.९ त्या चोचींचा आकडा होता. मी खुब्याच्या आकड्याकडे तेव्हा नीट लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवसापासून पासष्टीपुढच्या कोणाचाही मणक्याचा चांगला आकडा मी फोटो पाहिल्याशिवाय मान्य करत नाही.

म्हणून पहिली विनंती: रिपोर्टाच्या शेवटच्या आकड्यावर थांबू नका, त्यातला मणक्यांचा फोटो आणि चारही मणक्यांचे वेगवेगळे आकडे बघा. ते एल-१ ते एल-४ असे लिहिलेले असतात. उणे १.३ ही त्या चौघांची सरासरी आहे. समजा एल-१ उणे २.४ आणि एल-४ उणे ०.२ असेल, तर खालच्या मणक्यांत झीज आहे आणि सरासरी फसवी आहे. शेजारच्या मणक्यापेक्षा एखाद्याचा टी-स्कोअर एकाहून जास्त अंकाने वेगळा असेल तर तो वगळून पुन्हा हिशोब करायचा, असा नियमच आहे. किमान दोन मणके धड उरले तरच मणक्याचा आकडा वापरायचा. चारही सारखेच आले आणि फोटोतही काही वाढलेलं नसेल, तर मात्र मणका खरोखर बरा आहे असं म्हणता येईल. हे तुमच्या रिपोर्टावर अवलंबून आहे, ते मी इथून सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट हाताची. उजवं मनगट मोडलं होतं, म्हणून डावा हात मोजला, हे बरोबर केलं. पूर्वी मोडलेल्या हाताचं माप घेऊ नये. पण मणक्याच्या आणि खुब्याच्या तुलनेत हाताचा आकडा इतका खाली असला की माझ्या मनात आणखी एक शंका येते. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार छोट्या ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यांचं संप्रेरक जास्त झालं की ते घट्ट हाड जास्त खातं आणि जाळीला तुलनेने सोडून देतं. त्यामुळे हात आधी खाली जातो. यातला एक प्रकार ग्रंथीच्या गाठीमुळे होतो, त्यात रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असतं. दुसरा आपल्याकडे फार दिसतो: वर्षानुवर्षं ड जीवनसत्त्व कमी, त्यामुळे कॅल्शियम शोषलं जात नाही, म्हणून ग्रंथी सतत हाडातून उसनं घेत राहतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, पीटीएच (पॅराथायरॉइडचं तेच संप्रेरक) आणि थायरॉइड एवढं तपासून घ्या. गाठ निघाली तर उपचारच वेगळा. आणि ड जीवनसत्त्व अगदी तळाला असताना हाडाचं जोरदार इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकतं. उलट बाजूने, ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी कोणी सांगितली म्हणून वर्षभर दर आठवड्याला घेत बसणंही वाईट. ठरलेले आठवडे झाले की डॉक्टरांना विचारून कमी करायची असते.

आता त्या शेवटच्या ओळीकडे.

४३ व्या वर्षी गर्भाशय काढलं तेव्हा अंडाशयंही काढली का? जुना डिस्चार्जचा कागद असेल तर शोधा. काढली असतील तर इस्ट्रोजेन, म्हणजे हाडांची गळती रोखून धरणारं बायकांचं संप्रेरक, त्या दिवशी एकदम बंद झालं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, तीही हळूहळू. त्यांच्या बाबतीत ते तीन-चार वर्षं आधी आणि एका झटक्यात झालं. अंडाशयं ठेवली असली तरी गर्भाशय काढल्यावर ती थोडी लवकर थकतात. आणि पाळीच येत नसल्याने ती कधी थांबली असती, वेगवान गळती कधी सुरू झाली, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न विधिमंडळात आला, त्यातल्या किती तरी चाळिशीच्याही आतल्या होत्या. ऑपरेशनच्या कारणांवर बरंच बोललं गेलं. त्या बायकांची हाडं पन्नाशीत कुठे पोचलेली असतील, याची काळजी मला आजही वाटते, कारण त्या पुढेही मोळ्या उचलणार आहेत.

मग ५८ व्या वर्षीचं मनगट. ठिसूळ हाडं मोडण्याचा एक क्रम असतो. पन्नाशीच्या सुरुवातीपासून मनगट, साठीत मणके, सत्तरीनंतर खुबा. मनगट आधी का? एक तर त्याच्या टोकाशी जाळीदार हाड आहे, ते पाळीनंतर लगेच कमकुवत झालेलं असतं. दुसरं, त्या वयात बाई तरातरा चालते, घसरली तर हात पुढे टाकण्याइतकी चपळ असते. हात टेकला, मनगट मोडलं, खुबा वाचला. सत्तरीत चाल मंदावते, हात पुढे यायला वेळ लागतो, आणि माणूस बाजूला किंवा मागे पडतो. तो भार थेट खुब्यावर येतो.

आणि खुब्याचं दुर्दैव असं की मांडीच्या हाडाची मान सगळीकडून सारखी झिजत नाही. चालताना वजन तिच्या खालच्या कडेवर येतं, त्यामुळे ती कड म्हातारपणीही बऱ्यापैकी जाड राहते. वरच्या कडेला चालताना फारसं काम नसतं, ती वर्षानुवर्षं पातळ होत जाते. बाजूला पडलं की नेमका दाब त्या वरच्या पातळ कडेवर येतो, आणि मोडायला तिथून सुरुवात होते. रोज दोन तास चालणाऱ्या आजींचाही खुबा मोडतो, याचं नातेवाइकांना फार आश्चर्य वाटतं. चालणं चांगलंच आहे, पण तेवढ्याने ती वरची कड भक्कम होत नाही.

वापराप्रमाणे हाड टिकतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण अंतराळवीरांचं. महिनोन्महिने वजनरहित राहिल्यावर त्यांच्या खुब्यातून महिन्याला एक ते दीड टक्का हाड जातं, हाताच्या हाडाला मात्र फारसं काही होत नाही. जबड्याचंही तसंच, दात काढले की त्या जागेचं हाड झिजत जातं आणि काही वर्षांत कवळी सैल होते.

तर माझं मत. निदान करताना मणका, खुब्याचा एकूण आकडा आणि मांडीच्या हाडाची मान यांतला सगळ्यात खालचा आकडा धरायचा असतो, सरासरी काढायची नसते. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ठिसूळपणा, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवली. तुमच्या आईचा खुबा उणे २.८ आहे. खुबा मोडण्याचा धोका सांगायला खुब्याचं मापच सर्वांत भरवशाचं, टी-स्कोअर एका अंकाने घसरला की तो धोका साधारण अडीच पट होतो. त्यात घसरून मोडलेलं मनगट, त्यात बहुधा लवकर थांबलेलं इस्ट्रोजेन. माझ्याकडे या आई आल्या असत्या तर रक्ताच्या तपासण्या झाल्यावर मी औषध सुरू केलं असतं. पहिल्या डॉक्टरांनी मणक्याचा आकडा खोटा सांगितला नाही, पण या वयात त्यावर विसंबून सोडून देणं मला पटत नाही.

औषध कोणतं, हे मूत्रपिंडं, दात आणि अन्ननलिका यांवर ठरतं. आठवड्याची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्यासोबत, चहा नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ते जमणार नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देतात ते इंजेक्शन आहे. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन घट्ट हाडावरही चांगलं काम करतं, पण ते मध्येच सोडायचं नाही. सोडलं आणि पुढचं औषध दिलं नाही तर साठलेली गळती एकदम सुरू होऊन काही महिन्यांत एकामागून एक मणके दबलेले मी पाहिले आहेत. गावाला गेले, विसरले, पैसे नव्हते, अशी कारणं असतात. म्हणून ते सुरू करण्याआधीच घरात बसून ठरवा की तारीख कोण लक्षात ठेवणार. कोणतंही असो, आधी दातांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. काढायचे दात आधी काढलेले बरे.

दीड-दोन वर्षांनी त्याच मशीनवर पुन्हा माप घ्याल तेव्हाही जागेजागेचा फरक आठवणीत ठेवा. औषधाचा परिणाम मणक्यात आधी आणि जास्त दिसतो, कारण पुन्हा तेच, पृष्ठभाग जास्त. खुबा सावकाश वाढतो. हात बहुतेक औषधांना जेमतेम दाद देतो, आणि रोज टोचून घ्यायच्या हाड घडवणाऱ्या इंजेक्शनात तर हाताचा आकडा थोडा घसरूही शकतो. हाताचा आकडा हलला नाही म्हणून औषध बंद केलेले रुग्ण माझ्याकडे येतात. औषधाचा हिशोब मणक्यावर आणि खुब्यावर करायचा. दोन-तीन टक्क्यांचा फरक मोजणीतल्या चुकीतही येतो, त्यावर आनंद किंवा दुःख नको.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, शक्यतो ताटातून: दूध, दही, ताक, नाचणीची भाकरी, तीळ, खात असाल तर सुकट. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम मिळतं. गोळ्या फक्त कमी पडेल तेवढ्या.

आणि पडू न देणं. खुबा मोडलेले माझे बहुतेक रुग्ण घरातच पडलेले असतात, उभ्या उंचीवरून, रात्री. मोरीत धरायला दांडा, वाटेत रात्रभर छोटा दिवा, सरकणारं पायपुसणं काढून टाकणं, मोतीबिंदू लांबवत न बसणं, झोपेची गोळी खरंच लागते का हे विचारणं. औषधाला खुब्यापर्यंत पोचायला वर्ष-दीड वर्ष लागतं. दांडा आजच्या दुपारी बसतो.

वडिलांबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय. सत्तरी ओलांडली असेल तर एकदा डेक्सा करून घ्या. पुरुषांना पाळीसारखा कडा नसतो, उतार असतो, म्हणून हाडं साधारण दहा वर्षं उशिरा मोडतात. पण दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हे गणित लागू नाही. स्टेरॉइड जाळी आधी खातं. मणके आणि बरगड्या जातात, कधी कधी नुसत्या खोकल्याने बरगडी मोडते. बिननावाच्या पुड्या घेत असतील तर त्यातही स्टेरॉइड असू शकतं, अनेकदा सापडलंय. तसंच मधुमेह असेल तर आकडा चांगला येऊनही हाड अपेक्षेपेक्षा लवकर मोडतं, तेव्हा नुसत्या टी-स्कोअरवर जाऊ नका.

एक काम या आठवड्यात करा. आईला भिंतीला पाठ लावून, टाचा टेकवून उभं करा आणि उंची मोजा. मग जुन्या पासपोर्टवर, नोकरीच्या कागदांवर किंवा लग्नाच्या वेळच्या आठवणीत जी उंची असेल तिच्याशी ताडून पाहा. दबलेल्या मणक्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कोणालाही कळत नाहीत. 'कंबर भरली होती चार दिवस' एवढीच त्यांची आठवण असते. चार सेंटिमीटरहून जास्त उंची कमी भरली, किंवा डोकं भिंतीला टेकेनासं झालं असेल, तर पाठीचा आणि कंबरेचा बाजूने साधा एक्स-रे काढा, डेक्साच्या मणक्याचा आकडा काहीही असो. एखादा मणका दबलेला निघाला तर औषध द्यायचं की नाही हा प्रश्नच संपतो, फक्त कोणतं एवढाच उरतो. उंची किती भरली आणि एल-१ ते एल-४ चे चार आकडे कळवा, मग त्यावर नेमकं बोलता येईल.